रेनमीटर की लिब्रेचं गॅजेट? सीपीयूचं टेंपरेचर डेस्कटॉपवर बघायला काय लावावं

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला, दादा तुझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ते आकडे दिसतात ते काय टाकलंयस, मलापण लावायचंय. त्याने नवीन पीसी असेंबल करून घेतलाय आणि आता दर दहा मिनिटांनी सीपीयू किती तापलाय ते बघायचंय त्याला, नवीन गाडी घेतली की माणूस पेट्रोलचा काटा बघत बसतो तसं. म्हटलं फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच काढतो, कारण मी दोन्ही करून बसलोय, आधी दीडेक वर्ष रेनमीटर (डेस्कटॉपवर मीटर आणि आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर) यांची जोडी आणि आता वर्षभर लिब्रे हार्डवेअर मॉनिटरचं साधं गॅजेट, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या त्या प्रोग्रामचीच डेस्कटॉपवर दिसणारी छोटी पट्टी.

टास्क मॅनेजर का नाही असं विचाराल तर त्यात ग्राफिक्स कार्डचं टेंपरेचर येतं पण सीपीयूचं येत नाही, का ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि विंडोज ७ मधली ती जुनी गॅजेट्स आठवत असतील तर ती मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये सिक्युरिटीच्या कारणाने बंद करा म्हणून सांगितलं आणि विंडोज ८ पासून काढूनच टाकली. परत आणून देणारे पॅक मिळतात, ज्याला हौस आहे त्याने बघावं, मी त्या वाटेला गेलो नाही.

माझ्या मशीनमधे रायझन ५ ३६०० सीपीयू, कूलर बॉक्समधे आलेला तोच, घर पुण्यात सिंहगड रोडला शेवटच्या मजल्यावर. एप्रिल-मेमधे स्लॅब असा तापतो की रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर गरम, आणि उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हाची अर्धी धूळ माझ्या कॅबिनेटमधे होती हे मी पैजेवर सांगतो. दिवसभर घरूनच ऑफिसचं काम, संध्याकाळी ओळखीतल्यांच्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाइल बनवायचं मशीनचं काम, रात्री लावून झोपतो. म्हणजे मला टेंपरेचर बघायचं असतं ते रात्री, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता रेनमीटर. दिसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे आधीच कबूल करतो. गोल मीटर, प्रत्येक कोअरच्या बारीक रेषा, वॉलपेपरच्या रंगाला मॅच होणारे फॉन्ट, आमच्याकडे पाहुणे आले की हे काय आहे म्हणून विचारायचेच. आणि सगळं साध्या टेक्स्ट फाइलमधे असल्यामुळे हवं ते बदलता येतं, उदाहरणार्थ रायझनचं टेंपरेचर नुसता ब्राउझर उघडला तरी टुणकन दहा डिग्री वर जातं आणि परत खाली येतं, तर त्यात सरासरीची एक ओळ टाकली की आकडा नाचायचा थांबतो. सीपीयू वापराचा आकडा मात्र टास्क मॅनेजरशी जुळला नाही तर घाबरू नका, विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरची मोजायची पद्धत वेगळी होती, टर्बोचा वाढीव स्पीड पण धरायचा, त्यामुळे जुन्या विंडोजवर इकडे ६० आणि तिकडे ७५ असं दिसू शकतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पण टेंपरेचर रेनमीटर स्वतः मोजत नाही, त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. मी एचडब्ल्यूइन्फो लावलं कारण सेन्सर वाचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. नेटवरून घेतलेल्या स्किनमधे (रेनमीटरच्या तयार डिझाइनमधे) सेन्सरचे नंबर दुसऱ्याच्या मशीनचे असतात, ते आपले शोधून घालायचे, त्यात एक रविवार गेला, ठीक आहे, तेवढं चालतं.

अडलं ते बारा तासांवर. एचडब्ल्यूइन्फोच्या फुकटच्या आवृत्तीत शेअर्ड मेमरी, म्हणजे जिथून रेनमीटर आकडे उचलतं ती, बारा तासच चालते, मग परत जाऊन टिक करायची. यात लपवाछपवी काही नाही, त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे, पैसे भरून प्रो घेतलं की अट नाही, त्यांनाही पोट आहे. पण माझा हिशोब बघा, सकाळी नऊला मशीन चालू म्हणजे रात्री नऊला टेंपरेचर बंद, आणि रेंडर लावायचो साडेदहाला! रोज रात्री आठवणीने टिक करायची आणि मी रोज विसरायचो. मे महिन्यात एकदा दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर पंखा घोंघावतोय, मीटरवर वापर १०० टक्के आणि टेंपरेचरची जागा रिकामी. मी अंधारात कॅबिनेटला हात लावून बघतोय, लेकराला ताप आलाय का बघावं तसं. शेवटी एचडब्ल्यूइन्फोची खिडकी उघडली, ९१. या चिपची कमाल मर्यादा ९५. म्हणजे आकडा तिथे होताच हो, पण खिडकी उघडूनच बघायचं तर विजेट लावलं कशाला?

यावर तोडगा आहे. एचडब्ल्यूइन्फोमधे गॅजेट नावाचा टॅब आहे, तिथून आकडे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, जातात आणि रेनमीटर ते तिथून वाचू शकतं, त्याला बारा तासांची अट नाही. तेही केलं. मग पंख्याचा स्पीड पण दाखवू म्हणून यादीत दोन-तीन टिका वाढवल्या तर क्रम सरकला आणि सीपीयूच्या जागी मदरबोर्डचं ३८ दिसायला लागलं, मी दोन दिवस खुशीत, वाटलं धूळ साफ केल्याचा गुण आला. चूक माझीच, पण त्यानंतर मन उडालं. ज्याला रेनमीटरच पाहिजे त्याने कोअर टेम्प या टेंपरेचर मोजणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं प्लगिन बघावं, ते रेनमीटरसोबतच येतं, फक्त कोअर टेम्प मागे चालू ठेवायला लागतं. माझा पेशन्स तोपर्यंत संपला होता.

लिब्रेचं गॅजेट दिसायला कसंय, तर सरकारी ऑफिसमधल्या नोटीस बोर्डसारखं. काळी पट्टी, नाव, आकडा, वापराला एक आडवी पट्टी, बास. फॉन्ट लहान-मोठा करा, पारदर्शक करा, जागेवर लॉक करा, यापलीकडे नटवता येत नाही. पण लावायला पाच मिनिटं. मेनूतून गॅजेट चालू करायचं, यादीत हव्या त्या सेन्सरवर राइट क्लिक करून गॅजेटमधे दाखव म्हणायचं, झालं. मोजणारा आणि दाखवणारा एकच, त्यामुळे मधला निरोप्या झोपला असा प्रकार नाही. गुरुवारी लाइट जाऊन येते, मशीन परत चालू केलं की पट्टी आपल्या जागेवर हजर. ज्यांना चार-सहा तासच मशीन लागतं त्यांना माझं हे रडगाणं कदाचित फालतू वाटेल, आणि त्यांनी खुशाल रेनमीटर लावावं.

लिब्रेची एक बाजू सांगितलीच पाहिजे. हे ज्या विनरिंग झिरो नावाच्या ड्रायव्हरवर (सेन्सरपर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्राम) चालायचं त्यात सुरक्षेची पळवाट आहे आणि २०२५ च्या मार्चमधे विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तो पकडून बाजूला टाकायला लागला, लिब्रेच नाही, तोच ड्रायव्हर वापरणारी बरीच टूल्स त्यात अडकली. नवीन आवृत्तीत पॉनआयओ नावाचा वेगळा ड्रायव्हर आलाय, तेव्हा जुनी झिप कुठूनतरी उचलून डिफेंडरला गप्प करत बसू नका, नवीनच घ्या.

आणि एक गोष्ट मला नंतर सापडली. लिब्रेच्या ऑप्शन्समधे रिमोट वेब सर्व्हर आहे, तो चालू केला की घरच्या वायफायवर मोबाइलच्या ब्राउझरमधे पीसीचा आयपी आणि पुढे ८०८५ पोर्ट टाकून सगळे आकडे दिसतात. आता दोन वाजता जाग आली तर अंथरुणातूनच बघतो, ८४ असलं की कूस बदलून झोपतो. फायरवॉल विचारेल तेव्हा फक्त प्रायव्हेट नेटवर्कलाच हो म्हणा.