शिकाऊंच्या ऑफ-रोड दिवसासाठी क्लबचं सामायिक किट: एक पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

क्लबात नव्याने येणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली जिम्नी आणि तीन दारांची थार जास्त. मधूनच एखादी गुरखा, एखादी जुनी जिप्सी. चालवणाऱ्याने फोर लोचा (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा) गियर फार तर एकदा अंगणात लावून बघितलेला असतो. अशांना शिकवायचं म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून एक किट जमवलं: 22 मिमी जाडीचा 9 मीटर किनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोर हुकाला जोडायचे चार बो शॅकल (लोखंडी कड्या) आणि दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या), अडकलेल्या चाकाखाली घालायच्या रिकव्हरी बोर्डच्या दोन जोड्या, आपोआप हवा सोडणारे डिफ्लेटर, दोन डिजिटल गेज, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर, 48 इंची हाय-लिफ्ट जॅक, वॉकी-टॉकी, ट्रॅफिक कोन, फावडी, एक टिकाव आणि प्रथमोपचाराची पेटी. जागा म्हणजे गोव्यातल्या सांगे तालुक्याच्या बाजूची एक बंद चिरेखाण (जांभा दगड कापायची खाण) आणि तिच्याभोवतीचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, मालकाच्या लेखी परवानगीने.

आता यातलं काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं ते सांगतो. यादी करताना आम्ही सगळे अडकलेली गाडी बाहेर कशी काढायची याचाच विचार करत होतो. शिकाऊंच्या दिवशी काम निराळं असतं. आठ गाड्या, आठ अनोळखी हात, तीच कृती दिवसभर पुन्हापुन्हा, आणि सगळं ओलं. या कसोटीवर महागाच्या वस्तू मागे पडल्या.

सुरुवात हवेपासून, कारण दिवसातला पहिला धडा तोच. आपोआप बंद होणारे पितळी डिफ्लेटर 18 पीएसआयला लावून ठेवायचे, चारही चाकांना बसवायचे आणि गप्पा मारायच्या, असा बेत होता. पहिले काही आठवडे जमलं. मग आतल्या स्प्रिंगपाशी जांभ्याची लाल माती बसायला लागली, वरून खारी हवा. एक डिफ्लेटर 22 ला बंद होणार, दुसरा 15 पर्यंत खाली जाणार. शिकाऊ माणूस गेज लावून तपासत नाही, कारण डिफ्लेटरने काम केलं असं त्याने गृहीत धरलेलं असतं. दर वेळी उघडून साफ करून पुन्हा सेट करायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

डिजिटल गेज पावसात गेले. आता वापरतो तो काट्याचा 0 ते 60 चा गेज, ज्याला वॉल्व्हची पिन बाहेर ओढणारी दांडी जोडलेलीच असते. पिन निघाली तरी गेजच्या नळीतच राहते, चिखलात पडत नाही. किल्लीने पिन सोडवायला दिली तर दिवसात एक तरी पिन हरवतेच, त्यामुळे सुट्या पिनांची पुडी पेटीत हवीच. या गेजने एका वेळी एकच चाक होतं, म्हणजे वेळ लागतो. पण तो वेळ वाया जात नाही. प्रत्येकाने आपल्या चारही चाकांची हवा स्वतः सोडून, स्वतः वाचून सांगायची, हाच तर धडा आहे.

आकडे सांगायचे तर: पणजी किंवा मडगावहून गाडी आली की टायर तापलेले असतात आणि गेज दोन ते चार पीएसआय जास्त दाखवतो. त्यामुळे आल्याआल्या सोडायला घेऊ नका. आधी अर्धा तास तोंडी भाग उरकावा, मग गेज लावावा. चिरेखाणीत थार आणि गुरखासाठी 20 ते 22, जिम्नी हलकी म्हणून 18 ते 20. वाळूत 15 ते 16 पर्यंत जातात हे खरं, पण इथे तो मोह नको. मशीनने कापलेल्या चिऱ्याची कड धारदार असते आणि हवा कमी झालेल्या टायरची बाजू फुगून नेमकी तिच्यावर घासते. पंक्चर काढता येतं, बाजूची चीर नाही. हवा उतरवण्याचा फायदा काय, ते शब्दांनी पटत नाही. एकच चढ आधी 32 वर आणि मग 20 वर चढायला लावा. पहिल्या वेळी मागचं चाक खडीवर फिरत राहतं, दुसऱ्या वेळी तेच चाक खडी दाबून वर जातं.

परत हवा भरायला दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर चांगला, पण तो बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा, इंजिन चालू ठेवून. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडला की फ्यूज उडतो, कारण तो साधारण 15 अँपिअरचा आणि मशीन त्याच्या दुपटीहून जास्त ओढतं. सलग आठ गाड्या भरल्या की सिलिंडरचं डोकं इतकं तापतं की रबरी नळीचा सांधा सैल होतो. दोन गाड्यांनंतर विश्रांती द्यायची, आणि मुख्य रस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत सावकाश जाता येईल अशा गाड्यांनी 26 वर निघायचं. सगळ्यांची पूर्ण हवा तिथेच भरत बसलात तर अंधार पडतो.

आता दोर. 22 मिमीचा घेतला तो मजबूत म्हणून, आणि तिथेच गणित हुकलं. किनेटिक दोराची गंमत त्याच्या ताणात आहे: नायलॉन लांबतं, जोर साठवतं आणि मग गाडी हळूच उचलल्यासारखी बाहेर येते. पण दोर गाडीच्या मानाने फार जाड असेल तर तो नीट ताणलाच जात नाही आणि सगळा हिसका हुकाला बसतो. तुटण्याची ताकद हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या मानाने धरतात. आमचा दोर जवळपास 13 टनांचा, आणि भरलेली जिम्नी दीड टनाच्या आसपास. जिम्नी आणि थारच्या क्लबाने 19 मिमीचा, साधारण 8 ते 9 टनांचा घ्यावा. 22 मिमीचा आम्ही जड गाड्यांसाठी ठेवला आहे.

दोर लावण्याआधी हुक पाहायचा. चॅसीला बोल्टने आवळलेलाच हुक चालतो. गाडी ट्रकवर बांधून न्यायची पातळ कडी दोरासाठी नाही, आणि मागे ट्रेलरचा गोळा असेल तर त्याला दोर लावणं म्हणजे तोफगोळा तयार करणं. जमिनीवर मीटर-दीड मीटर ढील, ओढणारी गाडी फोर लोच्या पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, चालण्याहून थोडा जास्त वेग, धावती झेप नाही. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं. दोन चालक सोडून बाकी सगळे दोराच्या दीडपट लांब, म्हणजे 9 मीटरला 14 मीटर. शिकाऊंनी दोर जोडायचा नाही, फक्त बघायचा. हा नियम मोडावा असं अजून तरी वाटलेलं नाही.

लोखंडी बो शॅकल 4.75 टनांचे, दणकट, आणि वजन एकेकाचं किलोहून जास्त. सॉफ्ट शॅकल मिळाल्यावर ते बाजूला पडले. दोराबरोबर काही उडालंच तर लोखंड उडू नये, हे कारण पुरेसं आहे. शिवाय इथल्या हवेत शॅकलची पिन दोन महिन्यांत गंजून अडते. वापरायचे असतील तर पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्यायची आणि घरी आल्यावर आट्यांना ग्रीस लावायचं. सॉफ्ट शॅकल मात्र धारदार कडेवर लावायचा नाही, हुकाची आतली कड बोटाने तपासायची.

दोराची खरी झीज ओढण्याने झाली नाही, ओलाव्याने आणि मातीने झाली. जांभ्याची बारीक माती धाग्यांत शिरून आतून कापत राहते. बादलीत साध्या पाण्याने तीन-चारदा खळबळून पाणी लाल येणं थांबेपर्यंत धुवायचा, साबण नको, ऊन नको. जुलैत तो आठवडाभर वाळत नाही. कांद्याच्या जाळीच्या गोणीत सैल भरून पंख्याखाली टांगणं हा त्यातला सगळ्यात चांगला उपाय. गुंडाळी करून प्लास्टिकच्या पेटीत ठेवलेल्या दोराला बुरशी धरली होती, ती झाली केवळ दोन रात्रींत.

आणि तरी दोर क्वचितच लागावा. चिखलात अ‍ॅक्सल टेकला की चाकं नाही, गाडीचं पोट ओढायचं असतं. दहा मिनिटं फावडं चालवून पोटाखालची आणि चाकांपुढची माती काढली की बोर्डवर गाडी बहुधा स्वतःच येते. फावडं लांब दांड्याचं, टोकदार पात्याचं घ्या. घडीचं लष्करी फावडं फोटोला छान दिसतं, पण गाडीखाली पोचत नाही. बोर्डबद्दल एवढंच: चाकाखाली तिरपे खुपसायचे, फोर लो, अगदी कमी रेस. बोर्डवर चाक फिरलं की दाते वितळतात, आणि आमच्या एका जोडीचे तसे गेलेले आहेत. बोर्डच्या टोकाला भडक रंगाची दोरी बांधा, नाहीतर चिखलात गाडलेला बोर्ड शोधायला जेसीबी आणावा लागेल.

हाय-लिफ्ट जॅक किटमधून काढला. नव्या गाड्यांच्या बंपरला तो लावायला जागा नाही, ओल्या मातीत त्याचा पाया तिरका होतो, आणि दांडा सुटला की जबड्यावर येतो. अनुभवी माणसाच्या हातातही तो सांभाळून वापरायची चीज, शिकाऊंच्या घोळक्यात तर नकोच. त्याऐवजी बाटली जॅक आणि फूटभर रुंदीची जाड फळी.

ट्रॅफिक कोनही निरुपयोगी ठरले, वाऱ्याने पडतात आणि चाकाखाली चुरडतात. लाल फीत बांधलेल्या बांबूच्या काठ्या रोवतो. त्यातल्याच एका काठीवर 30 आणि 45 सेंटिमीटरला पट्टी मारली की तीच पाणी मोजायची काठी होते. चाकाच्या मध्यापर्यंतचं पाणी ही शिकाऊंची हद्द, आणि तेही साचलेलं, चालत जाऊन तळ तपासलेलं. वाहत्या ओहोळात धडा नाही.

काठ्यांनी आखलेला सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे आडवे-तिरके खड्डे. थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2450 मिमी, जिम्नीचा 2590. म्हणून उजवा आणि डावा खड्डा अडीच मीटरच्या अंतराने, प्रत्येकी मीटरभर लांब आणि 40 सेंटिमीटर खोल खणला तर दोन्ही गाड्यांचं एक पुढचं आणि एक मागचं चाक एकदम अधांतरी होतं. इथे शिकाऊ घाबरून रेस सोडतो आणि गाडी थांबते. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे पाठवणारी यंत्रणा जिम्नीत आहे, पण ती जागी व्हायला चाक क्षण-दोन क्षण फिरू द्यावं लागतं. रेस स्थिर धरा, पाय उचलू नका, हे स्पॉटरने (बाहेर उभं राहून वाट दाखवणाऱ्याने) ओरडून नाही, हाताच्या खुणेने सांगायचं. गुरखावाल्याने आधी डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) न लावता आणि मग लावून तोच खड्डा करायचा. फरक त्याला स्वतःला कळतो.

दुसरा, चढावर इंजिन बंद पडण्याचा सराव. ट्रक उतरायला केलेल्या खाणीच्या उतारावर फोनने कोन मोजून 15 अंशांपासून सुरुवात. इंजिन बंद पडलं की ब्रेक दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा, क्लच दाबून रिव्हर्स टाकून इंजिन सुरू करायचं, हँडब्रेक खाली करून, क्लच पूर्ण सोडून ब्रेकवरून पाय हळू काढायचा आणि सरळ मागे उतरायचं. न्यूट्रलवर घरंगळायचं नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, म्हणून जुन्या जिपवाल्यांची क्लच न दाबता गियरमध्येच स्टार्टर मारायची रीत इथे शिकवण्यात अर्थ नाही. हा सराव नेहमी चिखलाच्या आधी घ्या. तीन दारांची थार आणि जिम्नी, दोन्हींना मागे ड्रम ब्रेक. लाल चिखल ड्रममध्ये गेला की हँडब्रेक निम्मा धरतो, आणि चढावर गाडी त्याच हँडब्रेकवर उभी राहायची असते. घरी जाताना मागून किरकिर आली तर ड्रम उघडून धुवून घ्यायला सांगा, दोन दिवसांत, महिन्यांनी नाही.

वॉकी-टॉकी 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातलेच घ्या. खाणीच्या भिंतीआड आवाज तुटतो, पण तेवढ्या अंतरात स्पॉटर दिसतोच.

मोसमाबद्दल. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले: माती मऊ, कातळ कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये सड्यावर शेवाळ धरतं आणि ते चिखलाहून घातक, कारण चिखल दिसतो. त्या दिवसांत शेजारच्या पाणी भरलेल्या खाणीच्या कडेपासून 20 मीटरवर काठ्या रोवून पलीकडे कोणी जायचं नाही. अशा खाणींच्या कडा उभ्या असतात आणि खोली वरून कळत नाही. सत्तरी तालुक्याकडे जायचा बेत असेल तर डिसेंबर ते मे माकडतापाचे दिवस: गोचीड चावू नये म्हणून पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल. पावसात पायाला जखम असलेल्याने साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो तापाचा धोका असतो. सड्यावर फुरसं, हा विषारी साप, असतं, म्हणून चिरा हाताने उचलायचा नाही, आधी टिकावाने हलवायचा. पेटीत क्रेप बँडेज जास्तीची ठेवा आणि खाणीपर्यंतचा रस्ता 108 ला सांगता येईल असा कागदावर लिहून ठेवा.

समुद्रकिनारा, खाजणाचे (खाडीकाठच्या शेतजमिनीचे) बांध आणि अभयारण्य, तिन्ही यादीतून बाहेर. किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा नोंदवतात, हे नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, कारण त्याने ऑफ-रोडचे बहुतेक व्हिडिओ वाळूतलेच पाहिलेले असतात.

पुढची खरेदी ठरलेली आहे: 19 मिमीचा दोर, काट्याचे आणखी तीन गेज आणि लांब दांड्याची दोन फावडी. विंच कोणी सुचवला होता, तो तूर्त नको. शिकाऊंच्या गाड्या जिथे विंचशिवाय निघणार नाहीत तिथे त्यांना नेण्याचं कामच काय?