दारूखान्यातला टाकीवाला: काम एक नंबर, तारीख मात्र मनावर घेऊ नका

दुकानाला धड बोर्ड नाही, त्यामुळे नाव शोधत बसू नका. रे रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, दारूखान्यात शिरायचं, साखळ्या-नांगर-जुन्या लाइफबोटी विकणाऱ्यांची रांग संपते तिथे कुणालाही विचारायचं "पाण्याच्या टाक्या बनवतात ते चाचा कुठे". मी नाव टाकणार होतो पण चाचाच म्हणाले नको टाकूस, आहे तेच काम आवरत नाहीये. तर हा रिव्ह्यू बिननावाचाच.

आमची बोट वर्सोव्याची, लाकडी, वीस-बावीस वर्षं जुनी, सहा-सात दिवसांच्या फेरीला जाते. खाली इंजिनच्या पुढे गोड्या पाण्याची ६०० लिटरची स्टीलची टाकी, बोट बांधली तेव्हापासूनची. मागच्या सीझनला बिल्जचा (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) पंप उगाच सारखा चालायला लागला. बाबांना वाटलं खालची फळी सुटली, म्हणजे मोठा खर्च. मी खाली उतरून साचलेल्या पाण्यात बोट बुडवून (हाताचं बोट, गैरसमज नको) चाखलं तर खारट कमी आणि गोडं जास्त. म्हणजे समुद्र आत येत नव्हता, आपलंच प्यायचं पाणी खाली चाललं होतं. आणि त्याहून घाण प्रकार म्हणजे फेरीच्या शेवटी टाकी रिकामी होत आली आणि बिल्जमध्ये पाणी वर चढलं की उलटं तेच पाणी भोकातून टाकीत शिरायचं, डिझेलच्या वासासकट. खलाशी चहा पिऊन तोंडं वाकडी करायचे आणि बाबा म्हणायचे, "पानी मचूल लागतं रं, टँकरवाल्यान फसवलान." टँकरवाल्याचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा.

चाचांकडे जायच्या आधी एक चूक आम्ही केलीच. खाडीजवळच्याच एकाने (कोण ते जाऊ दे) सांगितलं, टाकी काढायची गरज नाही, बाहेरून घासून इपॉक्सी (सुकून कडक होणारा लेप) लावून देतो, दहा वर्षं बघायला नको. साडेचार हजार घेतले. आठव्या दिवशी पंप परत सुरू. आता कळतं की ते टिकणारच नव्हतं, कारण भोक होतं टाकीच्या तळाला आणि तळाखाली हातच जात नव्हता, त्याने जिथे हात पोचला तिथे लावून टाकलं आणि पैसे घेऊन मोकळा झाला.

मग एका मित्राने दारूखाना सांगितलं. मी फोटो घेऊन गेलो. चाचा मूळचे दापोलीकडचे, कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. फोटो बघून पहिला प्रश्न, "टाकी कशावर ठेवलेली आहे?" म्हटलं प्लायवर. "मग ती वरून नाही, खालून गेली." मी म्हटलं पॅच मारून द्या ना, तर सरळ नाही म्हणाले. पॅच मारला असता तर त्यांना चार पैसे मिळाले असते आणि सहा महिन्यांनी मी परत आलो असतो, तरी नाही म्हणाले. माझ्या हिशोबात एक स्टार तिथेच पक्का झाला.

कारण पण त्यांनी नीट समजावलं. स्टेनलेस गंजत नाही हा आपला भ्रम, त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमचा बारीक पापुद्रा असतो आणि तो टिकायला हवा लागते. टाकीखाली ओला प्लाय, त्यात खारं पाणी मुरलेलं, हवा शून्य, मग तो पापुद्रा तुटतो आणि परत धरत नाही, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. त्यातही वेल्डिंगच्या कडेला आधी. वरून टाकी चकचकीत आणि खालून चाळणी. जुनी टाकी बाहेर आली तेव्हा मी स्वतः मोजली, तळाला अकरा भोकं, अकराही वेल्डच्या बोटभर अंतरात!

आता खरी गंमत. टाकी बाहेर काढायची कुठून? बोट बांधताना आधी टाकी ठेवली आणि मग वर डेक आणि केबिन चढवली. टाकी पाच फूट लांब, अडीच फुटाच्या वर रुंद, आणि केबिनच्या तळातली झडप दोन फूट बाय अडीच फूट. डेक फाडायचा तर लाकूडकामाचाच खर्च टाकीच्या दुप्पट. चाचांनी स्वतः येऊन झडप मोजली, जिना मोजला, आणि पुठ्ठ्याचा एक खोका बनवून आणला नव्या टाकीच्या मापाचा, तो झडपेतून खाली उतरवून वळवून बघितला. पुठ्ठ्याचा खोका! मी हसलो होतो तेव्हा. पण त्यातूनच कळलं की तिरकं वळवताना इंजिनचा एक पाइप आडवा येतो, आणि त्यांनी माप दोन इंच कमी केलं. एका मोठ्या टाकीच्या जागी दोन छोट्या, प्रत्येकी २५० लिटर. शंभर लिटर गेलं ते गेलं, पण दोन टाक्यांचा फायदा हा की एक बिघडली तरी दुसरीचं पाणी राहतं, आणि आता वाटतं पहिल्यापासूनच अशा हव्या होत्या.

जुनी टाकी जागेवरच कापून तुकडे करून काढली. मला इथे धडकी भरली होती, लाकडी बोट, खाली डिझेलचा थर, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या. पण चाचांच्या पोरांनी आधी बिल्ज रिकामं करून पुसून घेतलं, चारी बाजूंना ओली गोणपाटं टाकली, गॅस कटर आणलाच नाही, आणि एक पोरगा फक्त पाण्याची बादली घेऊन उभा. दिवसभर.

पत्र्याबद्दल. चाचांनी ३१६ एल वापरायला लावलं, ३०४ नाही (दोन्ही स्टेनलेसचेच प्रकार). ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो दोन-तीन टक्के, खाऱ्या हवेत त्याने फरक पडतो. बाजारात ३१६ म्हणून ३०४ गळ्यात मारतात आणि लोहचुंबकाने दोघांतला फरक कळत नाही, म्हणून पत्र्यावर केमिकलचा थेंब टाकून रंग बघतात. चाचांनी तो थेंब माझ्यासमोर टाकला, मी न सांगता. पत्रा २ एमएम, वेल्डिंग आर्गनचं, आत लाटा थांबवायला आडवी पट्टी, वर हात घालून घासता येईल एवढं झाकण. ते झाकण एका तोडलेल्या जहाजाचं निघालं, जाड, ब्राँझच्या बोल्टांसकट, फक्त गॅस्केट नवीन. (याच दारूखान्यात २०१४ च्या शेवटी आपली जुनी विक्रांत युद्धनौका तोडायला घेतली होती, मी चाचांना विचारलं झाकण तिचं तर नाही ना, तर हसले आणि म्हणाले तसं सांगून दुप्पट पैसे घेऊ शकलो असतो.)

टेस्टिंग मला सगळ्यात आवडलं. कॉम्प्रेसर लावून हवा भरत नाहीत, टाकीत पाणी भरतात आणि वरच्या नळीला दोन मीटरची पारदर्शक नळी उभी करून तीही भरतात. ऐकायला फालतू वाटतं, पण मीटरभर बाय अर्ध्या मीटरच्या बाजूवर तेवढ्याने जवळपास टनाचा जोर येतो, पत्रा डोळ्यांना दिसेल असा फुगला. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी नळीतली खूण जिथल्या तिथे. बसवताना प्लाय काढून टाकला आणि खाली प्लास्टिकच्या पट्ट्या, मध्ये हाताचं बोट जाईल एवढी जागा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि हवा खेळेल.

कुणी म्हणेल एवढं कशाला, डेकवर निळे ड्रम बांधा. आमच्याकडे अर्ध्या बोटी तेच करतात. पण ५०० लिटर म्हणजे ५०० किलो, ते डेकवर आलं की बोट डुलते किती ते पावसाळी हवेत तांडेलला (बोट चालवणाऱ्याला) विचारा. रबरी पिशवीसारख्या टाक्याही मिळतात, त्या मी बघितल्या आणि सोडून दिल्या, लाकडावर घासून फाटतील.

आता तक्रारी. एक, तारीख. १३ जुलै सांगितली होती, टाक्या आल्या २२ ला. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, म्हणजे आमचा जीव टांगणीला, बाबा रोज सकाळी मलाच विचारणार, "तुजा चाचा कवा येतंय?" फोन उचलतात, खोटं बोलत नाहीत, "पत्रा आला नाही" म्हणजे खरंच आलेला नसतो, पण नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. दोन, छोटा हत्ती (टेम्पो) आपणच करायचा, आणि दारूखान्यात ट्रकांच्या गर्दीतून तो बाहेर काढायला तास गेला. तीन, बिल मागितलं तर मिळतं पण तीनदा मागावं लागतं.

खर्च: दोन्ही टाक्या, जुनी कापून काढणं, बसवणं धरून ६२ हजार. एका टाकीत ४५ किलोच्या आसपास पत्रा जातो, तुम्हीच त्या दिवशीच्या भावाने हिशोब करा, मला महाग नाही वाटलं. जुन्या टाकीचं भंगार त्यांनी वजन करून वजा केलं, तेही न मागता.

ऑगस्टपासून पाच महिने झाले, पंप गप्प आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत पाण्याला थोडा धातूचा वास होता, नंतर गेला. पाणी किती उरलंय ते दाखवणारी काचेची नळी एका टाकीची थेंब-थेंब पाझरते, चाचा म्हणाले दिवाळीनंतर येऊन वॉशर बदलतो. अजून आलेले नाहीत. म्हणून पाचपैकी चार. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं, आणि जाताना फक्त टाकीचं नाही, झडपेचं पण माप घेऊन जा.