जुनी स्विफ्ट घ्या, पण वरच्या मॉडेलच्या पुढे जाऊ नका

ऑगस्ट २०११ ते २०१७ अखेरपर्यंत विकली गेलेली दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट ठाण्या-नवी मुंबईच्या जुन्या बाजारात आजही सहज मिळते. एमएच ०४ आणि एमएच ४३ पासिंगच्या गाड्यांची रांगच असते. ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन, टायमिंग बेल्टऐवजी चेन, ऑइल तीन लिटरच्या आसपास, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात. कमी खर्चात रोजची गाडी हवी असेल तर हिच्यासमोर टिकणारे पर्याय फार नाहीत. प्रश्न सुरू होतो गाडी दारात आल्यानंतर. अलॉय टाकू, लाइट वाढवू, सीएनजी बसवू, सायलेन्सर बदलू, या यादीतलं काय करावं आणि काय सोडावं?

आमचा निकष साधा आहे. कंपनीने याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जे दिलं होतं, तेवढंच खालच्या मॉडेलला बसवावं. त्याला मोठा अपवाद एकच, सीएनजी, आणि तोही हिशेब जमला तरच.

म्हणून पहिलं मॉडिफिकेशन गाडी निवडतानाच करून टाका. झेडएक्सआयला, म्हणजे सगळ्यात वरच्या मॉडेलला, दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), १५ इंची अलॉय, फॉग लॅम्प आणि मागच्या काचेला डिफॉगर मिळतो. सगळ्यात खालची एलएक्सआय स्वस्तात पडते म्हणून लोक ती घेतात आणि वाचलेले पैसे स्क्रीन-स्पीकरवर घालतात. अलॉय, फॉग लॅम्प नंतर बसवता येतात, एबीएस आणि एअरबॅग बसवता येत नाहीत. एबीएससाठी मॉड्युलेटर, चारही चाकांचे सेन्सर, वेगळे ब्रेक पाइप आणि वायरिंग लागतं. एअरबॅगला स्टिअरिंगपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं बदलावं लागतं आणि कोणताही शहाणा फिटर ते अंगावर घेत नाही. दोन गाड्यांच्या किमतीत तीस-चाळीस हजारांचा फरक असेल तर झेडएक्सआयच घ्या. ऑक्टोबर २०१४ नंतरची फेसलिफ्ट मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी चांगली ठेवलेली २०१३ची गाडी सोडू नका.

पाहताना इथल्या हवेचा विचार आधी करा. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीला खालून खातो. जॅकवर घेऊन लोअर आर्म, मागच्या चाकाच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा पाहा. स्टेपनीचा खड्डा उघडून गंज शोधा. दारांची पाणी जाणारी भोकं बुजलेली असतील तर आतून पत्रा गेलेला असतो. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. वर वॉशिंग झालेल्या गाडीतही त्याच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचलून खालचा फेल्ट दाबून पाहा.

चालवताना खड्ड्यात पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा स्ट्रट माउंटिंग. हा खर्च किरकोळ आहे, किमतीतून कापून घ्या. एसी सुरू करून वीस मिनिटांत गारवा उतरला आणि गॅस भरून फार दिवस झालेले नसतील, तर कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता मोठी, आणि त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो. हा खर्च किरकोळ नाही. क्लच तपासायला मुंब्रा बायपासचा चढ पुरेसा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट गेली.

आता टायर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

एलएक्सआय आणि मधल्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४, झेडएक्सआयला १८५/६५ आर१५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम किती इंची ते). पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. म्हणजे स्पीडोमीटर, गिअरिंग, जमिनीपासूनची उंची, काहीच हलत नाही आणि रस्त्यावर २० मिलिमीटर जास्त रुंदी टेकते. हा बदल आम्ही डोळे झाकून सुचवू. ओल्या पाम बीच रोडवर ब्रेक मारल्यावर फरक कळतो. मायलेज थोडं उतरतं, फार नाही. रिम बदलायची नसेल तर १८५/७० आर१४ घ्या. व्यास पाच मिलिमीटरने कमी होतो, तेवढं चालतं.

१९५/५० आर१६ मात्र नको. दिसायला झकास, पण व्यास ६०१ मिलिमीटर. गाडी नऊ-दहा मिलिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर तीन टक्के जास्त दाखवतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टायरच्या भिंतीची उंची. मूळ १४ इंचीला ती १३२ मिलिमीटर, या १६ इंचीला ९७. घोडबंदर रोडवर जुलैत पाण्याखाली दडलेला खड्डा लागला की मधली रबराची गादी पुरत नाही, रिमची कडा वाकते आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. १९५/५५ आर१६चा व्यास बरोबर जुळतो, पण भिंत १०७ मिलिमीटरच. शिळफाट्यावरून रोज जाणाऱ्याने तोही घेऊ नये.

अलॉय बाहेरचे घेत असाल तर तीन मापं तोंडपाठ ठेवा: चार बोल्ट, १०० मिलिमीटर पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या बहुतेक रिमचं मधलं भोक मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना खपवायची असते. मग रिम हबवर बसत नाही, नुसत्या नटांवर लटकते आणि ८०-९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. दुकानदार पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून देतो, थरथर जात नाही. ही फट भरणारी हब रिंग मागा, दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे. ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते माप, मूळ रिमच्या जवळचा हवा, नाहीतर पूर्ण वळणावर टायर लायनरला घासतो. नट बारा मिलिमीटर, १.२५ पिचचे. बसवल्यावर शंभर किलोमीटरने पुन्हा आवळून घ्या. हे कोणी सांगत नाही आणि कोणी करत नाही.

हेडलाइटसाठी एच४ बल्ब आहे, ६०/५५ वॅट. त्याच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बेकायदाही आहे आणि मूर्खपणाही. उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चंदेरी झर उडते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाशाचा उगम जागेवरून सरकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता पूर्वीइतकाच दिसतो. खरा उपाय रिले किट आहे. दहा-बारा वर्षांच्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज गळतं. रिलेने बॅटरीचं व्होल्टेज थेट मिळालं की तोच बल्ब उजळतो. अडीच स्क्वेअर एमएम वायर, पंधरा अँपिअरचा फ्यूज, सिरॅमिक होल्डर. फ्यूज बॅटरीच्या शेजारी बसला पाहिजे, हेडलाइटजवळ नाही. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर आधी ती पॉलिश करा. निम्म्या गाड्यांचं काम तेवढ्यावरच भागतं.

म्युझिक सिस्टीमबद्दल एवढंच: कपलर-टू-कपलर हार्नेस घ्या, मूळ वायर कापू देऊ नका. दारांत डॅम्पिंग शीट लावताना खालची पाण्याची भोकं झाकली तर दोन पावसाळ्यांत दार खालून सडेल.

इंजिनाला हात लावू नका. टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, फार तर पाच-सात टक्के ताकद वाढते, ती रहदारीत जाणवतही नाही. उघडा एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि वंदना टॉकीजजवळ पाणी साचलं असेल तेव्हा पाणीही ओढू शकतो. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आवाजी सायलेन्सर हा दंड भरायचा परवाना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि १८२अ खाली परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. काळ्या काचांवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा आदेश आहे. पुढचे स्टीलचे बुलबार २०१७पासून बंद आहेत.

उरला सीएनजी. या पिढीच्या स्विफ्टला कंपनीचा सीएनजी नव्हता, म्हणून बाहेरून सिक्वेन्शियल किट. हिशेब करा. पेट्रोल १०४ रुपये धरलं आणि गाडी शहरात १४ देते, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसात रुपये. सीएनजी ८० रुपये किलो धरला आणि गाडी किलोला २० देते, म्हणजे चार. वाचतात साडेतीन. किट साठ हजारांचं धरलं तर सुमारे सतरा हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. मानपाड्याहून महाप्याला रोज ये-जा, महिन्याला हजार किलोमीटर, तर दीड वर्षात. महिन्याला चारशेच धावत असेल तर साडेतीन वर्षं, आणि २०१३ची गाडी २०२८मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यानंतर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर. अशा गाडीला किट बसवणं म्हणजे पुढच्या मालकाला आहेर करणं.

बदल्यात काय जातं तेही पाहा. डिकी मुळातच २०४ लिटरची, त्यात ६० लिटरचं सिलिंडर बसलं की दोन बॅगांपुरतीही जागा उरत नाही. त्यात प्रत्यक्ष आठ-नऊ किलो गॅस बसतो. सिलिंडरचं वजन साठ किलोच्या आसपास, त्यामुळे मागची जुनी स्प्रिंग बसते. त्यावर रबरी बफर घालायचा सल्ला मिळेल, तो मानू नका. स्प्रिंगची हालचाल अडते आणि सगळा धक्का शॉकॉब्सवर येतो. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग टाका.

बसवताना उभं राहून दोन गोष्टी पाहा. गॅसच्या नोझलसाठी इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडतात. मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवूनच पाडायची, जागेवर ड्रिल मारलं तर चुरा थेट इंजिनात जातो. घाईतला फिटर हमखास जागेवर मारतो. दुसरं, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गरम ठेवायला कूलंटची नळी कापून टी जोडतात. नंतर हवा नीट काढली नाही तर गाडी तापते आणि दोष किटवर जातो. प्लगचा गॅप ०.७-०.८ मिलिमीटरवर आणा, एअर फिल्टर वेळेवर बदला. पन्नास हजार किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासायला सांगा, कारण कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते.

किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच हवं आणि बसवणारा अधिकृत. आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद आरटीओतून करून घ्या. विम्यातही किटची नोंद करा, ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये किटच्या किमतीच्या चार टक्के वाढ होते. ही नोंद नसताना आग लागली तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण शोधावं लागत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी. आधीच सीएनजी बसवलेली गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी सिलिंडरच्या प्लेटवरची टेस्टची तारीख वाचा, आणि आरसीवर नुसतं ‘पेट्रोल’ असेल तर नोंदीचं काम आधीच्या मालकाकडूनच पूर्ण करून घ्या.