तुरा बघून कोंबडी घ्या: मिनेसोटातल्या तीन हिवाळ्यांनंतरचं परीक्षण

एप्रिलमधली सकाळ, साडेसहा वाजलेले. पोस्टातून फोन आला, "तुमचं खोकं आलंय आणि नुसतं ओरडतंय. लवकर घेऊन जा." खोक्यात एका दिवसाची नऊ पिल्लं. अमेरिकेत पिल्लं पोस्टाने येतात, 1918 पासून येतात. अंडं फोडायच्या आधी पिलू उरलासुरला बलक पोटात ओढून घेतं, त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून निभतं. आमच्या वाईकडे कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसवायची आणि एकवीस दिवस वाट बघायची, एवढंच मला ठाऊक. सही करून कोंबड्या ताब्यात घेताना हसू आवरेना.

हे परीक्षण त्या नऊ पिल्लांचं. आम्ही सेंट क्लाउडच्या बाहेर राहतो. जानेवारीत रात्री उणे 20 सेल्सियस म्हणजे इथे नेहमीचंच, आणि एखाद्या रात्री पारा उणे 30 ला टेकतो.

पिल्लं उबवून विकणाऱ्या त्या हॅचरीचं नाव लिहीत नाही. पिल्लं सगळी जिवंत आली, त्याचे पूर्ण मार्क. राग आहे तो कॅटलॉगवर. थंडी सोसणाऱ्या जातीपुढे त्यांनी बर्फाच्या चांदणीची खूण छापली आहे, आणि ती हळदीकुंकवाच्या वाणासारखी जवळजवळ सगळ्यांना वाटली आहे. व्हाइट लेगहॉर्नलासुद्धा! मी भुलले. लेगहॉर्न ओळखीची, आपल्याकडच्या पोल्ट्रीतली पांढरी अंडी देणारी कोंबडी तिच्याच वंशातली. वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी म्हटल्यावर दोन घेतल्या. बाकी दोन चँटेक्लेर, तीन सिल्व्हर लेस्ड वायनडॉट, एक बफ ऑर्पिंग्टन, एक लाइट ब्राह्मा. वायनडॉटमधली एक, मादीची खात्री म्हणून जास्त पैसे मोजलेली, ऑगस्टात पहाटे चारला आरवायला लागली. आमच्या वस्तीत कोंबडा चालत नाही. स्वारी ओळखीच्या एका शेतावर गेली.

पहिल्या हिवाळ्यात मी शहाणपणा केला. थंडी आत येऊ नये म्हणून खुराड्याच्या फटी न् फटी बोळे कोंबून बुजवल्या. सकाळी दार उघडलं तर आतून छताला पांढरं हिंव धरलेलं आणि डोळ्यांत अमोनियाची झणझण. आठ कोंबड्यांचा रात्रभरचा श्वास आणि विष्ठेतलं पाणी जाणार कुठे? दांडीवर दोन्ही लेगहॉर्न माना पिसांत खुपसून बसलेल्या. एकीला उचलून बघितलं, तुऱ्याची टोकं त्या ओलीत गोठून मेणासारखी पांढुरकी. चार-पाच दिवसांत ती काळी पडली, कडक झाली, आणि पुढे चिंचेच्या टरफलासारखी एकेक करून झडली. तेवढे दिवस तिने अंडं दिलं नाही, धड खाल्लंही नाही. ऑर्पिंग्टनचाही तुरा एकेरी, दातेरी, पण बुटका. तिला दोन काळे ठिपके पडले तेवढेच. वायनडॉट आणि चँटेक्लेरला काहीही नाही. त्याच दांडीवर, त्याच रात्री.

तेव्हापासून मी पिसांचं वर्णन वाचत नाही. पिसं काय, सगळ्यांनाच असतात. तुऱ्यावर पीस नसतं आणि आत रक्त खेळतं. उन्हाळ्यात कोंबडी अंगातली उष्णता त्यातूनही बाहेर टाकते. मग थंडीतही ती तिथून जाणारच. लेगहॉर्नचा तुरा इतका मोठा की मादीच्या एका डोळ्यावर पडतो. वायनडॉटचा गुलाबतुरा म्हणतात तसा, टाळूला चापून बसलेला. ब्राह्माचा वाटाणातुरा, तीन बुटक्या ओळी. आपल्या असीललाही तसाच असतो.

आणि चँटेक्लेर! तिला तुरा म्हणजे कपाळावर तांबडी उशी, आणि चोचीखालचे कल्ले शोधावे लागतात. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आई किंचाळलीच, "अगं, हिचा तुरा कुणी कापला गं?" कुणी कापला नाही, मुद्दाम घडवलाय. क्वेबेकमध्ये ओका इथल्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी कॅनडाच्या हिवाळ्यासाठी ही जात बांधली, आणि 1921 मध्ये तिला अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मान्य जातींच्या यादीत जागा मिळाली. माझ्या दोघी उणे 25 लाही फावड्याने काढलेल्या वाटेवर फिरतात. अंडी लेगहॉर्नपेक्षा कमी, पण डिसेंबरात बाकीच्या रुसल्या तरी या आठवड्याला तीन-तीन देतात. खोड एकच, भित्र्या आहेत. उचलून घेतलेलं खपत नाही. मुलांना मांडीवर घ्यायला कोंबडी हवी असेल तर ऑर्पिंग्टन घ्या; ती मांजरासारखी झोपते आणि वर्षातून तीनदा खुडूक बसते.

ब्राह्माबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. नाव ब्रह्मपुत्रेवरून, म्हणून भावनेच्या भरात घेतली. थंडी तिच्या गावीही नाही. पण तिच्या पायांना बोटांपर्यंत पिसं, आणि मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झाला की त्या पिसांत त्याचे गोळे होतात, रात्री गोठतात. मी तिला मांडीवर घेऊन कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचे, मग हेअर ड्रायर. नवरा म्हणाला, "पार्लर उघड." कोरड्या बर्फाच्या भागात घ्या, चिखलाच्या भागात नको.

खुराड्याचं थोडक्यात: दुसऱ्या वर्षी छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, दोन्ही बाजूंना वीतभर फट उघडी ठेवली. हवा वरून निघून जाते, दांडीवर झोत येत नाही. गोल दांडी काढून चार इंची फळी आडवी टाकली, म्हणजे बसल्यावर पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. तापवायचा दिवा लावला नाही. त्याने खुराडी पेटतात. पाण्याचं भांडं मात्र विजेवरचं घ्यावंच लागतं, आणि अंडी दिवसातून तीनदा काढावी लागतात, नाहीतर गोठून उभी तडकतात. लेगहॉर्नला त्यानंतर इजा झाली नाही. अर्थात एकीच्या डोक्यावर गोठायला शिल्लकही फारसं काही नव्हतं.

साताऱ्याच्या मावसभावाने विचारलं, अशी जात इकडे आणता येईल का. नको रे बाबा! इथे जुलैत पारा 33 वर गेला तरी ब्राह्मा पंख पसरून धापा टाकते, आणि मोडक्या तुऱ्याची लेगहॉर्न तिच्यासमोर ऐटीत माती उकरते.

यंदा चार चँटेक्लेर मागवल्या आहेत, जवळजवळ दुप्पट किमतीला, आणि दोन बकआय. ही ओहायोतल्या नेटी मेटकाफबाईंनी तयार केलेली, वाटाणातुऱ्याची. हॅचरी दुसरी. ऑर्डरचा कागद छापून आला तेव्हा कळलं, नवऱ्याने गुपचूप एक लेगहॉर्नही टाकली आहे. खोकं गुरुवारी पोचेल म्हणतात. बुधवारी रात्री फोनचा आवाज चालू ठेवून झोपायचं आहे.