बर्जेस की ग्रॅहम? रग्बी लीगमधल्या फॉरवर्डने कुठली वाट धरावी

5 ऑक्टोबर 2014, सिडनी. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेची ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, मैदानात 83 हजारांवर लोक. साउथ सिडनीचा सॅम बर्जेस पहिलाच चेंडू घेऊन सरळ समोरच्या बुलडॉग्ज संघाच्या अंगावर गेला आणि टॅकलला (पकडून पाडायला) आलेल्या जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर त्याचा चेहरा आपटला. गालाचं हाड मोडलं. तरी गडी पूर्ण 80 मिनिटं खेळला. साउथ सिडनी 30-6 ने जिंकली, 43 वर्षांनी विजेतेपद आलं आणि सामनावीराचं पदक बर्जेसच्या गळ्यात पडलं.

दोघेही उत्तर इंग्लंडचे, दोघेही फॉरवर्ड, म्हणजे धडका देत पुढे घुसणारे दांडगे खेळाडू. लीगमध्येच राहावं की रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराकडे, युनियनकडे वळावं, असा प्रश्न ज्या मजबूत हाडापेराच्या पोरासमोर आहे, त्याने या दोघांकडे नीट पाहावं. सिडनीतल्या मराठी घरांतही हा प्रश्न येऊ शकतो, कारण शहराच्या पश्चिमेला लीगचंच वेड.

बर्जेस ऐन भरात युनियनमध्ये गेला, इंग्लंडमधल्या बाथ क्लबकडे. वरून दोन्ही खेळ सारखे दिसतात, पण फॉरवर्डचं काम मुळातच वेगळं. लीगमध्ये टॅकल झाला की चेंडूसाठीची झटापट थांबते. पडलेला उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो, बचाव करणारे 10 मीटर मागे पळतात आणि पुन्हा धडक. सहा टॅकल असेच. युनियनमध्ये खरी लढाई टॅकलनंतरच जमिनीवर पेटते, शिवाय लाइनआउट (आत फेकलेला चेंडू रांगेतून उंच उडून पकडणं) आणि जीव तोडून ढकलायचा स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डची एकमेकांत गुंफलेली फळी). हे अंगात मुरायला वर्षं लागतात. बर्जेसला एकच मोसम मिळाला. त्यातही बाथने त्याला फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) केलं आणि इंग्लंडने सेंटर (मागच्या फळीतला खेळाडू). 2015 च्या विश्वचषकात इंग्लंड वेल्सकडून 25-28 हरलं, मग गटातच गारद झालं. खापर बरंचसं त्याच्यावर फुटलं, ते मला आजही अन्याय्य वाटतं. एका माणसाला दोन ठिकाणी दोन जागांवर उभं करणाऱ्यांना कुणी विचारलं? तो लगेच साउथ सिडनीला परतला, पण खांद्याने दगा दिला आणि 2019 मध्ये 30 व्या वर्षी त्याला थांबावं लागलं.

ग्रॅहमने देश बदलला, खेळ नाही. इंग्लंडच्या सेंट हेलेन्स क्लबबरोबर 2006 ची ग्रँड फायनल जिंकल्यावर 2007 ते 2011 सलग पाच फायनल हरला. 2012 ला ऑस्ट्रेलियात गेला, तिथे आणखी दोन हरला. 2020 मध्ये घरच्या क्लबात परतला आणि विगनविरुद्धच्या ग्रँड फायनलमध्ये शेवटच्या क्षणाच्या ट्रायने (रेषेपलीकडे चेंडू टेकवून) 8-4 असा विजय मिळाला. 14 वर्षांनी. तेव्हा तो 35 वर्षांचा होता आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

माझा कौल ग्रॅहमच्या वाटेला. फॉरवर्डची उमेदीची वर्षं मोजकी असतात, त्यातलं एकही नवा खेळ शिकण्यात घालवू नये. युनियनच हवं असेल तर सतरा-अठराव्या वर्षीच जावं.

मात्र ही वाटही फुकटची नाही. 400 हून अधिक सामने खेळलेल्या ग्रॅहमने निवृत्तीनंतर स्वतःच्या मेंदूच्या तपासण्या करून घेतल्या आणि डोक्याच्या दुखापतींवर उघडपणे बोलला. एनआरएलमध्ये 2023 पासून डोक्याला मार बसून कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला, की साधारणपणे 11 दिवस सक्तीने बाहेर बसावं लागतं. करारावर सही करण्याआधी पगाराचा आकडा विचारालच. सामन्याच्या दिवशी खेळाडूला मैदानाबाहेर काढायचा शेवटचा शब्द डॉक्टरचा असतो की प्रशिक्षकाचा, हेही त्याच बैठकीत विचारा.