आईसाठी बसवलेल्या आधारदांड्या, रात्रीचे दिवे आणि गळ्यातले बटण : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझी आई ७९ वर्षांची आहे. अकरा महिन्यांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास पलंगावरून उठून शौचालयाकडे जाताना ती पडली आणि तिचे डावे मनगट मोडले. हाड यथावकाश जुळले, परंतु त्यानंतर कितीतरी दिवस ती भिंतीला हात लावल्याशिवाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईना. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी सांगितले, की एकदा पडलेल्या वृद्ध व्यक्तीची पुन्हा पडण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, आणि पुढच्या वेळी मनगटाऐवजी खुबा मोडू शकतो. घाबरून मी त्याच महिन्यात बऱ्याच वस्तू आणल्या. त्यातले काय उपयोगी पडले, काय काढून टाकावे लागले आणि काय मीच चुकीच्या जागी बसवले होते, ते लिहीत आहे. आधाराला एक नोंदवही आहे. आई पडली किंवा तिचा नुसता तोल गेला, तरी वेळ, जागा, पायात काय होते आणि ती कशासाठी उठली होती, एवढे आम्ही दोघी त्यात लिहितो. सर्व वस्तूंमध्ये ही वही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बाकीच्या वस्तू कुठे हव्यात हे तिनेच दाखवले.

सुरुवात न्हाणीघरापासून करते. भिंतीला भोक पाडावे लागू नये म्हणून मी आधी सक्शन कपवर चिकटणारी आधारदांडी आणली. ती गुळगुळीत टाइलवर घट्ट बसल्यासारखी वाटते आणि पहिले काही दिवस हलतही नाही. एकोणिसाव्या दिवशी आईने स्टुलावरून उठताना तिच्यावर भार दिला आणि दांडी सरळ हातात आली. मी दाराशीच उभी होते, म्हणून तिला सावरता आले. नंतर पाहिले तेव्हा कपची एक कड दोन टाइलांमधल्या सांध्यावर आलेली होती, आणि तिथून हवा हळूहळू आत शिरत असावी. पण नीट बसवलेल्या कपची पकडही ओलावा आणि तापमानातील बदलाने सैल होऊ शकते, आणि ती कधी सैल झाली हे बाहेरून दिसत नाही. ज्या आधारावर माणूस पूर्ण विश्वासाने भार टाकतो, तो असा न सांगता सुटणारा असेल, तर तिथे आधार नसलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. टॉवेलची दांडीही मी त्याच दिवशी काढून टाकली, कारण तोल गेलेला हात टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी यांत फरक करत नाही.

त्यानंतर ड्रिलने भोके पाडून, गिट्ट्या ठोकून स्टीलच्या दांड्या बसवल्या. अमेरिकेतील सुगम्यतेच्या मानकांत अशी दांडी जमिनीपासून साधारण ८४ ते ९१ सेंटिमीटर उंचीवर असावी, भिंतीपासून तिचे अंतर ३८ मिलिमीटर असावे आणि तिने सुमारे ११३ किलोचा भार पेलावा, असे सांगितले आहे. अंतराची अट महत्त्वाची आहे : मूठ सहज मावायला हवी, पण घसरलेला हात कोपरापर्यंत मागे जाऊन अडकू नये. मी टेप घेऊन ९० सेंटिमीटरवर दांड्या बसवून घेतल्या आणि काम संपले असे समजले. तीन आठवडे आईने त्यांना हातही लावला नाही. ती पूर्वीसारखीच वॉशबेसिनची कड धरत राहिली. मी आठवण करून द्यायचे, ती चिडायची. एकदा म्हणाली, "अगं, मला धरायचंय तिथं तू काही लावलंच नाहीस."

तेव्हा जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. न्हाणीघर कोरडे असताना, अंगावर पूर्ण कपडे असताना, मी तिला आत येणे, उंबरा ओलांडणे, बसणे, उठणे, वळणे आणि बाहेर पडणे हे सगळे नेहमीप्रमाणे करायला सांगितले, आणि तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे रंगीत चिकटपट्टी लावली. पाच खुणा झाल्या आणि त्यांतली एकही मी बसवलेल्या दांडीवर नव्हती. आई ठेंगणी आहे. ९० सेंटिमीटरवरची दांडी धरून तिला स्वतःला वर ओढावे लागे, खाली दाब देऊन उठता येत नसे. शिवाय डाव्या मनगटात जोर नसल्यामुळे तिला सगळा आधार उजवीकडे हवा होता. आता दाराच्या चौकटीशी एक उभी दांडी आहे, कमोडच्या उजव्या बाजूला ७२ सेंटिमीटरवर एक आडवी आहे आणि अंघोळीच्या जागी एक तिरपी आहे. त्या बसवल्यापासून न्हाणीघरात तोल गेल्याची वहीत एकच नोंद आहे, आणि त्या वेळीही तिच्या हातात दांडी होती. मानकातले माप कुणाची माहिती नसताना सुरुवात करायला चांगले आहे. माणूस समोर असेल, तर त्याच्या हातावरून माप घ्यावे.

दांडीबद्दल आणखी दोन गोष्टी. चकचकीत पॉलिश असलेली दांडी साबणाच्या हातातून निसटते. खरखरीत किंवा खाचा असलेली घ्यावी. आणि स्क्रू सैल होतात. सातव्या महिन्यात कमोडजवळच्या दांडीचे खालचे टोक किंचित हलू लागले होते. आता दर तीन महिन्यांनी मी प्रत्येक दांडी माझे पूर्ण वजन टाकून ओढून पाहते. पोकळ किंवा पातळ भिंत असेल, तर आत भक्कम आधार दिल्याशिवाय दांडी बसवूच नये.

रबरी मॅटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती रोज उचलून, उलटी करून वाळवली नाही तर तिच्याखाली साबणाचा थर साचतो आणि मॅटच घसरू लागते. आम्ही दुसऱ्या महिन्यात ती काढून जमिनीला खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि घरातली सगळी सुटी पायपुसणी उचलली. कमोडवर नुसते अडकवण्याचे उंच आसन आई एका बाजूला कलली की हलत असे. जमिनीवर स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट बरीच अधिक स्थिर आहे.

दिव्यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. हालचाल ओळखून लागणारे बॅटरीचे चार दिवे आणले आणि सवयीने भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावले. पांढरा प्रखर उजेड अंधारातून आलेल्या डोळ्यांवर थेट पडून आई क्षणभर जागीच थांबे. वय वाढते तसा डोळ्यांना उजेड जास्त लागतो, पण अंधारातून उजेडाशी जुळवून घ्यायला वेळही जास्त लागतो. म्हणून उजेड जमिनीवर पडावा, डोळ्यांत जाऊ नये. दिवे घोट्याच्या उंचीवर आणले आणि पिवळसर रंगाचे घेतले. तरीही पलंगाजवळचा दिवा ती दोन पावले चालून गेल्यावर लागे. कारण समजायला मला महिना लागला : हे सेन्सर समोरून सरळ येणाऱ्या माणसापेक्षा आपल्यासमोरून आडवे जाणारे माणूस लवकर ओळखतात. दिवा पलंगाच्या बाजूला असा वळवला, की जमिनीवर टेकणारे पाऊल त्याच्यासमोरून आडवे जाईल. आता पाय खाली येताच उजेड होतो. दिवा वीस सेकंदांत विझतो, आणि आई शौचालयात असतानाच बाहेर अंधार होई, म्हणून वाटेत आम्ही विजेवर चालणारा एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवतो. बॅटरी आमच्याकडे दोन महिने टिकते. ती उतरू लागली की दिवा उशिरा लागतो, पूर्ण बंद पडत नाही, आणि हाच उशीर धोक्याचा असतो. तो विझण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बॅटरी बदलावी.

आता गळ्यातल्या बटणाबद्दल. बटण दाबले की माझ्या फोनवर सूचना येते, आणि पडल्याचे ओळखून ते आपणहूनही सूचना पाठवते, असे त्याचे वर्णन आहे. पहिल्या महिन्यात आई खुर्चीत जोरात बसली तरी सूचना येत होती. सातव्या महिन्यात दुपारी ती खरोखर पडली, तेव्हा मात्र आली नाही. ती पलंगाच्या कडेवरून हळूहळू सरकत जमिनीवर बसली होती, आणि अशा संथ घसरणीत पडण्याचा तो अचानक धक्काच नसतो, म्हणून बटण गळ्यात असते तरी त्याला ते कदाचित ओळखता आले नसते. त्याहून मोठी अडचण म्हणजे बटण तिच्या गळ्यात नव्हतेच. अंघोळीच्या वेळी काढून खुंटीवर अडकवले ते तिथेच राहिले होते. मी घरी येईपर्यंत ती चाळीस मिनिटे जमिनीवर होती. तिला इजा झाली नव्हती, पण उठता येत नव्हते. तासाहून अधिक काळ असे पडून राहिल्यास दाबाखाली आलेले स्नायू आणि त्वचा यांना इजा होऊ लागते, शरीर थंड पडते, पाणी कमी होते. म्हणून पडण्याइतकेच पडून राहणेही गंभीर आहे. नव्वदीपुढच्या लोकांचा केंब्रिजमध्ये झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. ज्यांच्याकडे असे बटण होते आणि जे एकटे असताना पडले, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोकांनी ते वापरलेच नव्हते.

बटण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही गळ्यातले परत करून पाण्यात चालणारे मनगटावरचे घेतले, जे अंघोळीलाही काढावे लागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आई ते मुद्दाम दाबते आणि मी फोन करते, म्हणजे दाबण्याचा संकोच राहत नाही. तिचा संकोच खरा होता. मी कामात असेन, उगाच धावत येईन, असे तिला वाटे. शिवाय फिजिओथेरपिस्टने तिला पडल्यावर उठायचे कसे हे शिकवले : आधी थांबून दुखापत तपासायची, कुशीवर वळायचे, गुडघे आणि हात टेकून भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जायचे, बैठकीवर हात ठेवायचे, जोर असलेला पाय पुढे टेकवायचा, उठायचे आणि वळून बसायचे. मनगटामुळे आई हातांऐवजी कोपरे टेकते. महिन्यातून एकदा ती हे गादीवर करून पाहते. बटणापेक्षा या सरावाने तिची भीती अधिक कमी झाली.

काठीची उंचीही मी अंदाजाने ठरवली होती. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या वळीशी यावी आणि काठी टेकल्यावर कोपर थोडे वाकलेले असावे. आईची काठी चार सेंटिमीटरने लांब निघाली. टोकाचे रबर झिजले की बदलावे लागते. सैल स्लिपर गेल्या आणि टाच बंद असलेले, पातळ पण टणक तळव्याचे बूट घरातही आले.

यापुढचे काही विकत आणण्यासारखे नाही, पण ते वगळले तर वरचे सगळे यश दांड्यांच्या नावावर जमा होईल आणि तसे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. वहीतल्या पहिल्या सात नोंदींपैकी पाच उठल्यानंतरच्या पहिल्या मिनिटातल्या होत्या. ते पान मी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आईचा रक्तदाब झोपलेला असताना आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी मोजला, तेव्हा वरचा आकडा २० हून अधिक उतरला. रक्तदाबाच्या एका गोळीची मात्रा त्यांनी कमी केली आणि अनेक वर्षे चालू असलेली झोपेची गोळी कित्येक आठवड्यांत हळूहळू बंद केली. अशी गोळी एकदम किंवा आपल्या मनाने थांबवू नये, हे त्यांनी दोनदा बजावले. आता उठण्यापूर्वी आई पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून घोटे वरखाली करते. पायऱ्या उतरताना दुहेरी भिंगाच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी अंधुक दिसते, म्हणून चालण्यासाठी दूरचा वेगळा चष्मा केला.

आणि व्यायाम. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी तयार झालेल्या कार्यक्रमातले पाय बळकट करण्याचे आणि तोल सांभाळण्याचे प्रकार ती आठवड्यातून तीनदा करते : खुर्चीतून हात न टेकता उठणे, टाचांवर आणि चवड्यांवर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकून चालणे. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली झाली. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला तिला पहिल्यांदा १९ सेकंद लागले होते, आता १३ लागतात. १२ किंवा अधिक सेकंद लागले तर पडण्याचा धोका जास्त मानतात, म्हणजे अजून मजल बाकी आहे. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून आढावे काढते. तिच्या २०१९ सालच्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. घरातले धोके काढण्याबद्दलच्या तिच्या २०२३ सालच्या आढाव्यात ही घट २६ टक्के होती, आणि आधी पडलेल्या किंवा अन्य कारणाने जास्त धोका असलेल्या लोकांत ती ३८ टक्क्यांपर्यंत होती. धोका कमी असलेल्यांत मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे घरातले वृद्ध ठणठणीत चालत असतील आणि एकच गोष्ट करणे शक्य असेल, तर मी दांड्यांआधी व्यायाम निवडेन. आईसारखी व्यक्ती असेल, तर दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करावे.

मधल्या काळात आई एकदा म्हणाली होती, की हे घर आता तिला तिचे वाटत नाही. त्यानंतर मी तिला न विचारता एकही वस्तू बसवलेली नाही, आणि तिने स्वतः निवडलेली एकही वस्तू अजून काढावी लागलेली नाही.

मागच्या दाराच्या दोन पायऱ्या राहिल्या आहेत. तिथे कठडा आहे, पण उतरताना तो डाव्या हाताला, म्हणजे मोडलेल्या मनगटाच्या बाजूला येतो, आणि वहीतल्या शेवटच्या दोन्ही नोंदी तिथल्याच आहेत. काल आम्ही उजव्या भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. दुसरा कठडा बसेपर्यंत ते दार बंद ठेवायचे, असे तिनेच ठरवले आहे.