फायबर वापरून झाल्यावर: डाउनलोडचा आकडा सोडा, बाकीचं बघा

तांब्याच्या लाइनवरून फायबरवर येऊन बरेच महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळाही गेला, म्हणून आता लिहितोय. डाउनलोड वाढतोच, त्यावर काय लिहायचं! मला खरं सुख दिलं ते अपलोडने. पूर्वी घरात कोणी फोटोंचा बॅकअप लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकायचा. आता बॅकअप, मुलीचा क्लास आणि माझ्या मीटिंगा एकाच वेळी चालतात, कोणाचं कोणाला अडत नाही.

पावसात जुनी लाइन हमखास मंदावायची, कारण तांब्याच्या जोडात पाणी शिरतं. फायबर म्हणजे काचेची बारीक तार, तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे तो त्रास संपला. अंतराचंही तसंच. व्हीडीएसएलचा (तांब्याच्या लाइनवरच्या वेगवान इंटरनेटचा) वेग काहीशे मीटरनंतर घसरतो, जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटून देणारी पद्धत) २० किलोमीटरपर्यंत चालतं. जीपॉनमध्ये २.४८८ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२४४ जीबीपीएस अपलोड साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तरी रात्री गर्दीच्या वेळी मला फरक जाणवलेला नाही.

‘फायबर’ म्हणून विकलं जाणारं प्रत्येक कनेक्शन घरापर्यंत फायबर नसतं. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये ९० टक्के घरांपर्यंत फायबर नेण्याचं ठरवलं. २०१३ च्या सत्तांतरानंतर बेत बदलला आणि अनेक भागांत शेवटचा टप्पा जुन्या तांब्यावरच ठेवला. पुढे त्यातल्याच बऱ्याच घरांना पुन्हा फायबर द्यायची वेळ आली. एका देशाला हे इतकं महाग पडलं, तर आपण निदान विचारून घ्यावं: काच घरात येते की रस्त्यावरच्या डब्यापर्यंतच?

आता त्रासाचं. रंगकामाच्या वेळी केबल दाराच्या कोपऱ्यात दाबली गेली आणि नेट सारखं तुटू लागलं. ओएनटीच्या (फायबर घरात जिथे येते त्या डबीच्या) सेटिंगच्या पानावर सिग्नल -१९ डीबीएमवरून -२६ वर गेलेला दिसला. डीबीएम म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्यात जितकं खाली तितका सिग्नल कमजोर. बी प्लस वर्गाच्या (प्रकाशाच्या ताकदीवरून ठरलेला एक वर्ग) जीपॉनला -२७ ही खालची सीमा. केबल सैल केली, आकडा पूर्ववत झाला. घरातल्या वळणांसाठी जी.६५७ प्रकारची, वाकवली तरी सिग्नल फारसा न गमावणारी फायबर असते, तीच मागून घ्या. दुसऱ्यांदा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला आणि दुरुस्तीला मला पटणार नाही इतका वेळ लागला. फायबर जोडायला स्प्लायसिंग मशीन (काचेची टोकं वितळवून सांधणारं यंत्र) आणि हात बसलेला माणूस लागतो, हे मान्य. पण नेटवर्क पसरवताना अशी माणसं पुरेशी नेमणं हीसुद्धा कंपनीचीच जबाबदारी आहे.

वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागत नाही, पण घरातल्या ओएनटीला आणि राउटरला लागते. दोन्हींना मिळून एक छोटा यूपीएस लावलाय. वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि तंत्रज्ञ जोडणी करून निघायच्या आत त्याच्याकडून डीबीएमचा आकडा वाचून घ्या, कुठेतरी लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना तो सांगितला की ‘राउटर बंद करून चालू करा’ यावर बोळवण होत नाही.